विरोधात एक

बागवान सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या बसमध्ये होतो. हिंजवडीच्या अलीकडच्या पुलावर बस नेहमीसारखी अडकली होती आणि अर्धे लोक कानांत इअरफोनची बोंडं घालून डोळे मिटून बसले होते. फोन काकूंचा होता, म्हणजे सरांच्या पत्नीचा. आवाज शांत होता. "सुधीर, सर पहाटे गेले. झोपेतच. ग्रुपवर तेवढं टाकाल का? आम्हाला तिथे लिहिता येत नाही ना..."

ग्रुप म्हणजे आमच्या बिबवेवाडीतल्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. तिथे दोनच माणसं लिहू शकत होती, आमचे चेअरमन कदमसाहेब आणि सेक्रेटरी म्हणून मी. बाकीच्यांनी फक्त वाचायचं. ही व्यवस्था दोन वर्षांपूर्वी मीच केली होती, फोनवर एकदा बोट टेकवून. नवरा गेल्याची बातमी शेजाऱ्यांना सांगायला त्या बाईला माझी परवानगी मागावी लागली. मी बसमध्ये बसूनच चार ओळी टाइप केल्या. थोड्याच वेळात खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. शब्द मात्र कुणालाच लिहिता येत नव्हता. सर कसे होते, कुणाच्या मुलाला त्यांनी काय शिकवलं, शेवटचं कुणाला कधी भेटले, यातलं काहीही नाही. मी वाकडलाच उतरलो आणि रिक्षानं परत आलो. दफनाच्या वेळी कदमसाहेबांनीही खांदा दिला, हे सांगायला हवं. माझ्यापेक्षा जास्त अंतर त्यांनी दिला.

याला आता सहा आठवडे झाले. हे लिहायला मी का बसलो ते पुढे येईलच, पण आधी सरांविषयी.

अमीन बागवान जन्मले, वाढले कसबा पेठेत. घरचा धंदा फळांचा. त्या घरातला शिकून मास्तर झालेला पहिला माणूस तेच. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायला आले. आवारातल्या बकुळीखाली एक सिमेंटचं बाक होतं. संध्याकाळी सर तिथे बसत आणि हळूहळू पाचसहा जण जमत. सर अगदी मोजकं बोलत, आणि पुण्यात मोजकं बोलणाऱ्याचा जो दरारा असतो तो त्यांचाही होता. एकदा तळमजल्यावरचे आपटे त्यांना म्हणाले, "सर, इतिहास शिकून काय मिळतं हो?" सर म्हणाले, "काही नाही. निदान तेच तेच प्रश्न तरी विचारले जात नाहीत."

दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांवर मुलांसाठी एक पुस्तक लिहायचं, हे त्यांचं म्हातारपणातलं काम. पाठ्यपुस्तकावर त्यांचा राग होता. "कडक तह, महागाई, बेकारी, दुबळा राष्ट्रसंघ, हुकूमशहांचा उदय. पाच मुद्दे, पाच मार्क. यात माणूस कुठे आहे, सुधीरराव? त्या दिवशी सकाळी उठून तो काय करत होता?" डोळे अधू झाले होते, भिंग घेऊन ते मोठ्या अक्षरांत हातानं लिहीत. टाइप करून द्यायचं मी कबूल केलं. दर रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या जेवणाच्या टेबलाशी बसत असे. एक परिच्छेद झाला की मोठ्यानं वाचून दाखवायचा, अशी पद्धत. काकू स्वयंपाकघरातून ऐकत आणि न कळलेलं विचारत. काकूंना कळलं नाही तर सर ते वाक्य बदलत. "शेवटचं प्रकरण मी आधीच लिहून ठेवलंय," ते म्हणाले होते. "कुठे पोचायचं ते माहीत असलं की रस्ता चुकत नाही."

त्या टेबलाशी मला पहिल्यांदा कळलं की दोन युद्धांमधली ती शांतता कशी होती. सर सांगत, "लोक इतके थकले होते की तोफा थांबल्या, एवढ्यावरच खूश होते. तह म्हणजे जिंकलेल्यांनी हरलेल्यांना दिलेली शिक्षा होती, आणि शिक्षा भोगणारा माणूस शांत बसलेला दिसला तरी तो दिवस मोजत असतो. मग महागाई आली, नोकऱ्या गेल्या. सरकारं वर्षाच्या आत पडायला लागली. रस्त्यावर मारामाऱ्या. आणि मग घराघरांत एक वाक्य ऐकू यायला लागलं... कुणीतरी एकदाचं बघा हो हे सगळं." सर म्हणत, हे वाक्य सगळ्या भाषांत आहे. इटलीच्या संसदेनं सगळे अधिकार दिले ते एका वर्षापुरते. जर्मनीच्या संसदेनं दिले ते चार वर्षांपुरते. ऑस्ट्रियात तर सभापती आणि दोन्ही उपसभापती एका मतदानाच्या वादात एकामागून एक राजीनामा देऊन मोकळे झाले, सभा संपली असं म्हणायलाही कुणी उरलं नाही, आणि पंतप्रधानांनी जाहीर केलं की संसदेनं स्वतःच स्वतःला बंद केलंय. मी एकदा 'सत्ता बळकावली' असं टाइप केलं. सरांच्या कागदावर तो शब्दच नव्हता, माझ्या बोटांनी तो सवयीनं घातला होता. सरांनी थांबवलं. "बळकावली नाही. दिली. कुणी दिली ते पुढच्या ओळीत येईल."

त्याच महिन्यात आमच्या इमारतीत एका आठवड्यात तीन चोऱ्या झाल्या. पाण्याची मोटर जळली. भाडेकरूंवरून भांडणं सुरू झाली. पार्किंगमध्ये सभा भरली आणि तासभर नुसता आरडाओरडा. शेवटी कुणीतरी वैतागून म्हणालं, "अहो, कुणीतरी एकदाचं बघा हो हे सगळं." ते मीच होतो. दिवसाचे चार तास बसमध्ये काढणारा माणूस होतो मी, मला घरी जाऊन जेवायचं होतं. कदमसाहेब उभे राहिले. कारखान्यात फोरमन होते, कामाला वाघ, रविवारीही टाकीवर चढणारा माणूस. त्यांनी ठराव मांडला: सोसायटीचे सर्व निर्णय वर्षभर चेअरमननी घ्यावेत, मधे सभा बोलावण्याची गरज नाही. सगळ्यांनी सुटकेनं हात वर केले. मीही केला. "विरोधात?" असं कदमसाहेबांनी नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलं, तेव्हा मागच्या खुर्चीवरून एक हात वर गेला.

सर हात वर करत तो सरळ, कोपर खुर्चीच्या हातावर टेकवून, आणि मोजून होईपर्यंत खाली घेत नसत. "माझा विरोध आहे. कदम चांगलं काम करतील, त्याबद्दल शंका नाही. पण विचारायची सोय बंद करू नका. आणि माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा."

"सर, इथे वर्ग नाही भरलाय," कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

"खरंय," सर म्हणाले. "वर्ग भरला असता तर इतका गोंगाट नसता."

इतिवृत्त लिहिणं माझं काम. कदमसाहेब जाताजाता खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सुधीर, सर्वानुमते टाक. बरं दिसतं. एका हातासाठी कशाला?" मी वर जाऊन लॅपटॉप उघडला. सरांचं जर्मनीचं प्रकरण पडद्यावर अर्धवट उघडंच होतं. मी त्याच्याच शेजारी दुसरी खिडकी उघडली आणि त्याच बोटांनी टाइप केलं: ठराव सर्वानुमते मंजूर. वाक्य लिहायला किती वेळ लागला असेल... पाच सेकंद.

प्रत नोटीस बोर्डावर लागली. सरांना भिंग घेऊन ती वाचताना मी जिन्यातून पाहिलं आणि परत वर गेलो. रविवारी नेहमीसारखा गेलो. चहा झाला. मग त्यांनी मागच्या आठवड्याची छापील पानं पुढे ओढली. "तुम्ही टायपिंग चांगलं करता. एक चूक सापडली." मी लॅपटॉप उघडायचा थांबलो. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. चार वर्षांच्या जागी मी चौदा लिहिलं होतं. "ही दुरुस्त होण्यासारखी आहे," ते म्हणाले, आणि पुढचं पान काढलं.

त्या वर्षी चोऱ्या थांबल्या, नवी मोटर बसली. ग्रुपवर वाद नकोत म्हणून लिहिणं बंद झालं. तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या दोन मुली कामावरून उशिरा परततात म्हणून त्यांना जागा सोडायला सांगण्यात आलं. ती नोटीस माझ्या सहीची होती. मग बकुळीखालचं बाकही काढलं, का तर तिथे लोक नुसते बसतात आणि बोलतात. सर नंतर त्या जागी उभे राहू लागले, काठीवर हात ठेवून. कुणी विचारलं तर म्हणत, "बसायला बंदी आहे. उभं राहण्याबद्दल अजून काही आलेलं नाही."

वर्ष संपल्यावर सभा झाली ती दहा मिनिटांची. कदमसाहेब म्हणाले, "मागच्या वर्षी ठराव सर्वानुमते झाला होता, एकही विरोध नव्हता. तोच पुढे चालू ठेवू. हात वर करण्यात वेळ नको घालवायला."

सर उभे राहिले. "माझा हात मागच्या वर्षीही वर होता."

"सर, इतिवृत्तात तसं नाही," कदमसाहेब अदबीनं म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "सेक्रेटरी, होता का यांचा विरोध?"

सगळे माझ्याकडे बघत होते. कुणाच्या हातात दंडुका नव्हता, कुणी मला धमकावलं नव्हतं. 'होता' एवढा एक शब्द बोलायचा होता. मी म्हणालो, "मला नीट आठवत नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. उत्तर येत असूनही न देणाऱ्या विद्यार्थ्याकडे शिक्षक बघतो तसं. मग ते बसले. ठराव पुढे चालू राहिला, मुदत न घालता.

त्यानंतर मी रविवारी जाणं बंद केलं. ऑफिसचं काम वाढलंय असा निरोप दिला, तोही फोनवर. सर पोस्टातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या माणसाकडून टाइप करून घेतात असं कानावर आलं आणि मला बरं वाटलं, हेही लिहून टाकतो. ते जाण्याच्या महिनाभर आधी मी बसमधून उतरलो तर सर गेटपाशी उभे. हातात प्लास्टिकची पिशवी. "शेवटचं प्रकरण. हे तुम्हीच करा." मी काहीतरी पुटपुटलो, माफीच मागत होतो बहुधा. ते म्हणाले, "सवडीनं करा. घाई कसली? त्यांनाही वीस वर्षं लागली होती."

पिशवी कपाटावर पडून राहिली. मी ती उघडली दफनाहून आल्यावर.

प्रकरण छोटं होतं, सहा पानांचं. जर्मनीच्या संसदेत ज्या दिवशी सगळे अधिकार देऊन टाकले गेले, त्या दिवसाचं. सभागृहात गणवेशातली माणसं भिंतींना लागून उभी होती, काही सभासद आधीच तुरुंगात होते, आणि तरीही एका पक्षाच्या चौऱ्याण्णव जणांनी विरोधात मत दिलं. त्याच्या खाली सरांनी लिहिलं होतं: "हा आकडा आपल्याला कसा कळला? त्या दिवशी सभागृहात लेखनिक बसले होते. त्यांनी ना भाषण केलं, ना मत दिलं. भिंतीशी कोण उभं आहे ते त्यांनाही दिसत होतं. त्यांनी चौऱ्याण्णव हा आकडा चौऱ्याण्णवच लिहिला. मुलांनो, तुमच्यापैकी बहुतेकांना आयुष्यात भाषण करावं लागणार नाही. लिहावं मात्र लागेल."

मला वाटलं, हे माझ्यासाठी आहे. शिक्षा म्हणून दिलंय. पण सर प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात तारीख घालत. ही तारीख आमच्या पहिल्या सभेच्या पाच महिने आधीची होती. म्हणजे ज्या दिवशी त्यांनी हात वर करून "नोंदवा" म्हटलं, त्या दिवशी लेखनिकाबद्दल त्यांचं मत हे होतं. माझ्याबद्दल हे होतं.

ग्रुप मी खुला केला. मागच्या पंधरवड्यात सरांसाठी शोकसभा झाली, पार्किंगमध्येच. शोकप्रस्तावानंतर मी उभा राहिलो आणि सांगितलं की अडीच वर्षांपूर्वीचं इतिवृत्त खोटं आहे, ते मी लिहिलं, आणि पुढच्या वर्षी विचारल्यावर खोटं बोललो. ते दुरुस्त करून 'बहुमताने मंजूर, विरोधात एक' असं करावं. कदमसाहेब म्हणाले, "सुधीर, माणूस गेला. आता काय उपयोग?" आपटे म्हणाले, "कशाला जुनं उकरायचं?" मत घेतलं. दुरुस्तीच्या बाजूनं एकच हात वर गेला, माझा. तो वर ठेवणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. दंड भरून येतो. कुणी मोजत नसतं. इतिवृत्तात मी लिहिलं आहे: दुरुस्ती फेटाळली, बाजूने एक. सोसायटीच्या वहीत ते दुरुस्त झालं नाही, म्हणून इथे लिहितो आहे. सरांचा हात वर होता. मी पाहिला होता.

आता मी पुन्हा रविवारी जातो. काकू इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस पाळायच्या एकांतात, आतल्या खोलीत असतात. सोलापूरहून आलेली त्यांची मुलगी चहा ठेवून जाते. टेबल तेच, समोरची खुर्ची रिकामी. पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून सरांचं भिंग त्यांवर ठेवलेलं असतं. परवा त्या परिच्छेदाशी आलो. टाइप केला आणि पद्धतीप्रमाणे मोठ्यानं वाचला. आतून काकूंचा आवाज आला, "किती म्हणालात?"

"चौऱ्याण्णव."

"नक्की ना?"

मी भिंग उचललं आणि सरांच्या अक्षरावर धरलं.