पालथ्या हाताची शिकवणी

ऑपरेशननंतरचं प्लास्टर कापून झालं. साहेबांनी कापसाचे थर बाजूला केले, हौसाबाईंचा उजवा हात टेबलाच्या कडेवर ठेवला आणि म्हणाले, "मनगट वर उचला."

हौसाबाईंनी जोर लावला. मान ताठली, खांदा कानापर्यंत गेला, कपाळावर घाम आला. मनगट जागचं हललं नाही.

"पुन्हा."

पुन्हा तेच. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. साहेब म्हणजे आमचे हाडांचे सर्जन. मी फिजिओथेरपिस्ट. सत्तरच्या दशकात मिरजेतसुद्धा हा शब्द फारसा कोणाच्या तोंडी नव्हता. साताऱ्याला माझी आई शेजारणींना सांगायची, "आमची सुमन हाडांच्या दवाखान्यात मालिश करते." तिला समजावणं मी सोडून दिलं होतं.

हौसाबाई पस्तिशीच्या. सासर उंब्रजच्या बाजूचं, नवरा फौजेत. त्या भावाकडे राहून माधवनगरच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात काम करत. सूत मोठ्या कोनांवर, म्हणजे निमुळत्या नळ्यांवर, गुंडाळायचं आणि तुटलं की चटकन गाठ मारायची, हे ते काम. सुटीत गावी गेल्या असताना उसाच्या गाडीवरून पडल्या. दंडाचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण त्याला चिकटून जाणारी नस तुटली होती ती जुळली नाही. नस म्हणजे रक्ताची नव्हे, मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत नेणारी. निरोप बंद झाला आणि मनगट वर उचलणारे, बोटं उघडणारे सगळे स्नायू गप्प झाले. आमच्याकडे आल्या तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. काम न मिळालेला स्नायू वाळत जातो. त्यांच्या हाताची मागची बाजू खोलगट झाली होती.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. डावा हात उजव्या दंडावर ठेवा आणि कोपर दुमडा. दंडाच्या पुढचा भाग फुगून घट्ट होतो. तो आखडला आणि त्याने पुढच्या हाताचं हाड वर ओढलं. आता कोपर सरळ करताना तो स्नायू हाड परत ढकलत नाही, सैल पडतो. ओढायचं काम दंडाच्या मागचा स्नायू करतो. शरीरात बहुतेक ठिकाणी अशा जोड्या आहेत, एक इकडे ओढणारा, एक तिकडे. हौसाबाईंच्या मनगटाची एक बाजूच मेली होती. त्यांना मूठ वळता येई, पण उघडता येत नसे. उघडता न येणाऱ्या हातात कोणी काही देऊ शकत नाही.

साहेबांनी केलेलं ऑपरेशन त्या मानाने साधं सांगता येईल. स्नायू हाडाला थेट चिकटलेला नसतो, त्याच्या टोकाला चिवट दोरीसारखा टेंडन असतो. जिवंत स्नायूचा टेंडन एका ठिकाणाहून सोडवायचा आणि जिथे गरज आहे तिथे नेऊन शिवायचा. कोपराच्या आतल्या बाजूने तिरका जाणारा एक स्नायू आपला तळहात पालथा करतो. तेच काम करणारा दुसरा स्नायू मनगटाजवळ असतो, म्हणून पहिल्याला दुसरीकडे पाठवलं तरी चालतं. साहेबांनी त्याला मनगट उचलायच्या कामावर नेमलं. मनगट आत वाकवणाऱ्या स्नायूंपैकी दोघांना बोटं आणि अंगठा उघडायच्या कामावर.

बदली झाली, पण बदली झालेल्याला नवीन काम कोणी शिकवायचं? ते माझं काम.

हौसाबाईंना बाहेर बसवून साहेब म्हणाले, "टेंडन आतल्या आत चिकटला असणार. नाहीतर टाका सैल पडलाय."

मी म्हटलं, पूर्वीइतकं मनगट लोंबत नाही. कुठेतरी ताण आहे.

"ताण आहे, हालचाल नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडून बघावं लागेल."

पुन्हा उघडण्यात धोका होता. प्रत्येक चिरेबरोबर वण वाढतो आणि वणात टेंडन अडकून बसतो. साहेबांनाही ते नको होतं. दुसरा उपाय दिसत नव्हता, इतकंच. मी म्हटलं, तोपर्यंत माझ्याकडे रोज पाठवा. ते म्हणाले, "पाठवतो. पण मला खोटी आशा देऊ नका, आणि तिलाही देऊ नका."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. पद्धत ठरलेली असते. मेंदूला स्नायूंची नावं ठाऊक नसतात, कामं ठाऊक असतात. 'मनगट उचल' म्हटलं की मेंदू जुन्याच रस्त्याने निरोप धाडतो आणि तो रस्ता तुटलेला. म्हणून बदललेल्या स्नायूला त्याचं जुनं काम सांगायचं. 'तळहात पालथा करा' म्हणायचं. तो आखडतो आणि आता दुसरीकडे शिवलेला असल्यामुळे मनगट वर येतं.

कागदावर हे छान आहे. मी "हात पालथा करा" म्हटलं की हौसाबाई कोपर बाहेर काढून अख्खा खांदा फिरवायच्या. हात पालथा व्हायचा, पण नको त्या स्नायूंनी. खांदा धरून ठेवला तर कंबर वळवायच्या. शरीर असंच असतं. दुखऱ्या भागाला आडोसा देऊन शेजारचे स्नायू काम उरकतात. त्यात त्या घाबरलेल्या. आपण हलवलं तर टाके तुटतील असं त्यांनी मनात घेतलं होतं. भीतीने माणूस सगळेच स्नायू एकदम आवळतो. पुढचा आणि मागचा दोघांनीही एकाच वेळी ओढलं की हात जागचा हलत नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या थांबल्या. डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर ठेवला.

"बाई, एक इचारू?"

"विचारा की."

"काळीज मला न इचारता धडधडतंय. खाल्लेलं आपसूक पुढं सरकतंय. मग ह्या हाताला मेल्याला काय धाड भरलीया? मी एवढं सांगतीया आन् ऐकत न्हाई."

मी बरीच पुस्तकं वाचली होती, पण कोणा पेशंटने इतका नेमका प्रश्न विचारला नव्हता. मी त्यांना सांगितलं की स्नायू तीन तऱ्हेचे. काळजाचा स्नायू वेगळाच, तो जन्मभर आपला आपण चालतो. पोटातल्या आतड्यांचे स्नायूही आपल्या हुकमाची वाट बघत नाहीत. हाडांना जोडलेले मात्र बहुतेक वेळा आपल्या हुकमाचे, ते सांगितल्याशिवाय हलत नाहीत.

"म्हंजी ह्यो नोकर हाय."

"होय. आणि त्याची बदली झालीय."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, जॉबरने, म्हणजे त्यांच्या खात्याच्या मुकादमाने, जागा अजून राखून ठेवलीय, पण किती दिवस ठेवेल. नवऱ्याचं पत्र आलंय, गावाकडं जा म्हणतोय. गावाकडं गेलं की परत येणं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गिरणीतलं काम त्यांनी सगळ्यांच्या मनाविरुद्ध धरलं होतं.

तेवढ्यात कँटीनचा चहा आला. मी त्यांना विश्रांती दिली. थकलेला स्नायू थरथरतो, मग त्याच्याकडून काही शिकून होत नाही. त्यांनी डाव्या हाताने उजव्याची बोटं उघडून पेला त्यात बसवला. सवय राहावी म्हणून मी तेवढं करायला लावत असे. चहा संपला. त्या खिडकीशी गेल्या आणि पेल्यातला गाळ बाहेर मातीत ओतला.

ओतताना उजवा हात पालथा झाला. कोपर अंगाशीच होतं. आणि मनगट वर आलं. फार नाही, दोन बोटांइतकं. पण आलं.

"हौसाबाई, तसंच पुन्हा करा."

"काय?"

"पेला रिकामा करा."

"रिकामाच हाय की ओ."

"असू दे. पाणी आहे समजा."

त्यांनी केलं. या वेळी मी माझी बोटं त्यांच्या कोपराखाली ठेवली होती. कातडीखाली स्नायू टणक झाला. दुसऱ्या हाताचं बोट मनगटाच्या पाठीवर होतं, तिथे टेंडन ताणला गेला. चिकटलेला नव्हता. सैलही नव्हता. मी त्यांचा डावा हात घेऊन त्याची बोटं कोपराखालच्या त्या जागेवर ठेवली.

"लागतंय काही?"

त्या बराच वेळ पेला पालथा-उताणा करत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "ह्यो हाय व्हय. मी दुसऱ्यालाच हाक मारत हुते."

मी साहेबांना बोलावून आणलं. ते हातात कागद घेऊन उभे राहिले, त्यांनी तीन-चारदा पेला पालथा होताना पाहिला आणि स्वतःही बोट लावून खात्री केली. "उघडायची गरज नाही," म्हणाले. दारापर्यंत जाऊन परत आले आणि हौसाबाईंना म्हणाले, "चांगलं केलंत."

पुढचं सगळं चिकाटीचं होतं. आधी पेल्यासह, मग पेल्याशिवाय, मग नुसत्या विचाराने. बोटं उघडण्यासाठी मनगट आत ओढल्याचा विचार करायचा. पहिल्यांदा पाची बोटं एकदम उघडली तेव्हा हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला आणि खिडकीकडे बघत बसल्या. मी कपाट आवरल्यासारखं केलं. हळूहळू मेंदूने नवा रस्ता पाठ केला. एके दिवशी त्यांनी केसांवर हात फिरवला. हात पालथा करायचा विचार केला होता का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "न्हाई वं. नुसता फिरवला."

त्या गिरणीत परत गेल्या. सगळं पूर्वीसारखं झालं असं मात्र नाही. एकाच स्नायूवर चार बोटं शिवलेली, त्यामुळे ती एकदमच उघडतात, एकेक नाही. तुटलेल्या सुताला चटकन गाठ मारायला एकेक बोट लागतं. जॉबरने आठवडाभर बघितलं आणि त्यांना कोन तपासून भरायच्या कामावर दिलं. हौसाबाईंना ते लागलं. माझ्याकडे येऊन तासभर त्याला शिव्या घातल्या. मग उठल्या, दोन्ही हातांनी पिशवी उचलली आणि पाळीला उशीर होतोय म्हणून गेल्या. गावाकडे त्या गेल्या नाहीत.

मी नंतर अनेक वर्षं हे काम केलं. सर्जन टेंडन हलवू शकतो आणि माझ्यासारखी बाई तो कुठे आहे ते दाखवू शकते. पण दुसऱ्याचा स्नायू आपल्याला आखडता येत नाही. ते ज्याचं त्यालाच करावं लागतं.