धुऱ्यावरचा संगणकी गुडघा: सौंदडचे चार दिवस

"म्याडम, तुमचा पाय पुण्यात भल्ला चालते. इथं धुऱ्यावर नाही चालून रायला. एकडाव येऊन पाहा ना."

सप्टेंबर संपता संपता हा फोन आला आणि मी रजेचा अर्ज टाकला. फोन होता मोरेश्वरभाऊंचा. ते फौजेत हवालदार होते. सुरुंगाच्या स्फोटात त्यांचा उजवा पाय मांडीपासून गेला. पुण्याच्या एका केंद्रात त्यांना जो नवा पाय मिळाला, त्याचा गुडघा जुळवणारी तंत्रज्ञ म्हणजे मी. या गुडघ्यात छोटा संगणक असतो. पाय किती वाकलाय, भार टाचेवर आहे की चवड्यावर, हे तो सेकंदात कितीदा तरी मोजतो आणि आतल्या तेलाचा दाब कमीजास्त करून माणसाला सावरतो. मी माझ्या लॅपटॉपवरून, मध्ये एकही वायर न लावता, माणसाच्या पायाची चाल बदलू शकते.

मी घरी बंदूकबाजीचे व्हिडिओ गेम खेळते. वय छत्तीस, आईने बोलणं सोडून दिलंय. त्या गेममधल्या सैनिकांना असलेच पाय असतात. म्हणून पहिल्यांदा एका जिवंत माणसाचा पाय माझ्या लॅपटॉपला जोडला गेला, तेव्हा अंगावर काटा आला होता. आजही येतो, खोटं कशाला सांगू.

मोरेश्वरभाऊंची अडचण साधी होती. त्यांच्या गावात, गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडला, जुना तलाव आहे आणि त्याचं पाणी धानाला वाटून देणारा माणूस गाव ठरवतं. त्याला पाणकर म्हणतात. तलावाच्या तोंडापासून शेवटच्या शेतापर्यंत, बांधाबांधाने पाण्याबरोबर चालत जायचं, हे त्याचं काम. म्हातारे पाणकर सीतारामकाका यंदा सोडणार होते आणि भाऊंना ते काम हवं होतं. गाव त्यांना स्टेशनजवळ पानाची टपरी टाकून द्यायला तयार होतं. भाऊ म्हणाले, "जो तो मले बसवूनच देऊन रायला." रविवारी पहिलं पाणी सुटणार होतं. भाऊंनी ते शेवटच्या शेतापर्यंत नेलं, तर ते पाणकर. नाही जमलं, तर टपरी.

मैत्रिणींना वाटलं, मी वाघ बघायला चालले. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, जवळचं नागझिरा अभयारण्य पावसाळ्यात बंद असतं. जायच्या आधी चौकशी करा.

पुण्याहून गोंदियाची गाडी थेट मिळते, पण उशिराची तयारी ठेवून बसा. गोंदियाला उतरल्यावर तर्री-पोहे खाल्ले. डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरी प्लेट मागवली. चहावाला म्हणाला, "सौंदड की पैसेंजर? उधर लगेगी मैडम, आराम से जाओ." सौंदडचं तिकीट माझ्या पोह्यांपेक्षा स्वस्त निघालं. खिडकीशी बसा. धान पोटऱ्यात आलेलं, लोंबी फुटायच्या बेतात, मध्ये मध्ये तलाव, आणि परत धान. तासभर मी पुस्तक उघडलंच नाही.

स्टेशनवर भाऊंच्या पत्नी, वनितावहिनी, स्कूटी घेऊन उभ्या होत्या. "पायासाठी एवढ्या दुरून आल्या," त्या म्हणाल्या. "पाय होता तवा आमच्या घरी कोणी नाही आलं." मी हसू की नको ते कळेना, म्हणून बॅग पुढे ठेवून मागे बसले. राहायची सोय त्यांच्याच घरी होती. कोणी ओळखीचं नसेल, तर हायवेला साकोलीत लॉज मिळतात. रात्री चिन्नोर तांदळाचा भात आणि तलावातल्या मासळीचं कालवण होतं. त्या भाताच्या वासासाठीसुद्धा जाऊन यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुऱ्यावर गेलो. धुरा म्हणजे धानाच्या दोन बांधींमधला, म्हणजे दोन शेतांमधला मातीचा बांध. वीतभर रुंद, निसरडा, आणि पाणी जायला जागोजागी फोडलेला. भाऊंनी गुडघ्यावर ट्रकच्या ट्यूबचा तुकडा मोज्यासारखा चढवला होता, कारण आमचा गुडघा पाण्याने बिघडतो. फौजेसाठी घडवलेलं ते महागडं यंत्र ट्यूबमध्ये गुंडाळलेलं बघून माझे साहेब अंथरूण धरतील.

मी पुण्याहून 'खडबडीत जमीन' नावाची खास चाल तयार करून नेली होती. ती लावली. भाऊ खांद्यावर सीतारामकाकांचं फावडं घेऊन निघाले आणि सातव्या की आठव्या पावलाला धानात आडवे झाले. बांधावर बसलेला एकजण म्हणाला, "बसा ना भाऊ. कायले जीव काढून रायले?" त्यात चेष्टा नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. भाऊ चिखल पुसत उठले आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. ट्यूबमुळे गुडघा वाचला होता. मला मात्र मनापासून लाज वाटली. केंद्रातल्या खडीच्या दहा फूट पट्ट्यावरून मी धुऱ्याचं गणित मांडलं होतं.

मग मी दुपारभर सीतारामकाकांच्या मागे मागे चालले, मान खाली घालून.

"काऊन वो, माह्या पायाकडेच कायले पाहून रायल्या?"

"काका, तुम्ही टाच टेकतच नाही."

"टाच टेकवली तं घसरते ना बाप्पा. आखा तळवा ठेवा लागते. गुडघा ढिला सोडाचा नाही अन् तानाचा बी नाही."

झालं होतं ते एवढंच. आमचा गुडघा टाचेची वाट बघत होता, आणि सत्तरीचा हा माणूस आयुष्यभर टाच न टेकता चालत आला होता. घरी येऊन मी नवी चाल लिहायला बसले: पूर्ण तळवा, गुडघा कायम थोडा वाकलेला, तेल घट्ट. काम सुरू केलं आणि वीज गेली. लॅपटॉप त्याच्या बॅटरीवर चालला, पाय आम्ही ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज केला. ही चाल सुरू करायला चवड्यावर तीनदा दाब द्यायचा, की गुडघा बदलतो. गेममध्ये हे बोटांनी करतात. भाऊंनी अंगणात करून दाखवलं, तेव्हा वहिनी भांडी घासायच्या थांबल्या आणि म्हणाल्या, "आणखी एकडाव करा."

रविवारी तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या मोठ्या बांधावर, अर्धं गाव जमलं. तुडूम उघडलं, म्हणजे पाळीच्या पोटातलं पाणी सोडायचं तोंड मोकळं केलं, आणि पाणी पाटाला लागलं. भाऊंनी चवडा तीनदा दाबला. मग ते पाण्याबरोबर चालत राहिले. एक धुरा फोड, एक बुजव, थांब, पुढे चल. मी मागे, काका माझ्या मागे, बाकीचे लांबून. एका जागी चिखलाने त्यांचं पाऊल धरलं. गुडघा जरा वाकला आणि तिथेच थांबला. भाऊ फावड्यावर रेलले, पाय ओढून काढला आणि पुढे गेले. मी लॅपटॉप कधीच मिटला होता. आता त्यात माझ्या हाती काही नव्हतं.

शेवटची बांधी शांताबाईंची. सकाळपासून त्या तिथेच बसून होत्या. मला "जय भीम" म्हणाल्या आणि परत पाटाकडे बघत राहिल्या. ऊन कलायला लागलं तेव्हा पाणी आलं, आधी फेसाची बारीक रेघ, मग धार. त्यांनी हात बुडवून पाहिला. "आलं," त्या म्हणाल्या. "दरसाली माह्यापर्यंत येतायेता थकते."

काकांनी भाऊंकडे पाहिलं. "फावडा तुह्यापाशीच राहू दे," एवढंच म्हणाले आणि घराकडे वळले. मी तोंड फिरवून रडले. आनंदानेच.

सोमवारी परतीची गाडी पकडली. बॅगेत पाच किलो चिन्नोर होता, आणि वहिनींनी सगळ्यांदेखत बजावलं होतं, "कुकरात नका टाकू."

पुण्यात आल्यावर मी नव्या चालीच्या नोंदी केंद्रातल्या सगळ्यांना दिल्या. त्या गुडघ्याचं मला आधीही कौतुक होतं, आता जास्त आहे. फक्त त्यातला मोठा वाटा मी एका म्हाताऱ्याच्या तळव्यांना देते. परत तिकडे जायचं आहे, खडीच्या पट्ट्यावरच्या माझ्या सहकाऱ्यांना घेऊन.

पंधरा दिवसांनी मी फोन केला. पाय कसा चालतोय, चार्जिंग किती टिकतं, सगळं विचारलं. भाऊंचा आवाज चिडलेला होता.

"का सांगू म्याडम. अर्धं गाव मले शिव्या देऊन रायलं. याचं म्हणणं पाणी उशिरा आलं, त्याचं म्हणणं कमी आलं."

"आणि पायाबद्दल काय म्हणतात?"



"पायाचं?" भाऊ म्हणाले. "पायाचं तं कोणीच काही नाही म्हणत."