पठारावरचा पुतळा

आमच्या घराण्यातला एक माणूस उडाला होता, हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले. माझ्या आजोबांचे काका. विमान म्हणजे काय हे कर्जतात कुणाला धड माहीत नव्हतं, त्या काळात त्यांनी बांबू आणि मांजरपाटाच्या कापडाचे पंख तयार केले आणि पळसदरीच्या वरच्या पठारावरून झेप घेतली. खाली भातखाचरात सुखरूप उतरले. घरचे असंच सांगायचे आणि गावही. पुढे ते कर्जत सोडून गेले आणि पुन्हा कधी उडाले नाहीत. का, ते मात्र कुणी सांगत नसे.

मी चित्रकलेची शिक्षिका होते. निवृत्त झाले आणि त्याच सुमाराला त्यांचा पुतळा उभारायची टूम निघाली. समितीचे अध्यक्ष खालापूरकडचे, प्लॉट पाडून विकायचा त्यांचा धंदा. माणूस बोलायला गोड. घरी येऊन म्हणाले, "ताई, तुम्ही त्यांच्या घरातल्या. तुम्ही पुढे असलात की लोक नाही म्हणत नाहीत."

आम्ही दोघं वर्गणी मागत फिरलो आणि खरंच कुणी नाही म्हणालं नाही. शेलूच्या नव्या इमारतींतल्या बायकांनी चहा पाजला, मुलांना बोलावून माझ्या पाया पडायला लावलं. भिवपुरीला वीजघरातून निवृत्त झालेले एक गृहस्थ भेटले. त्यांनी वर्गणी हातात दिली आणि विचारलं, "पुतळा वर पठारावर कशाला? स्टेशनाजवळ ठेवा की. येणाजाणाऱ्याला दिसेल." मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते हसले. "जिथून उडाले तिथेच हवा ना, काका."

पठाराच्या खालच्या अंगाला ठाकर आदिवासींची वाडी आहे. तिथून काही मागायचं नव्हतं, पण भूमिपूजनाला वाडीतली माणसं हवीत, फोटो चांगला येतो, म्हणून अध्यक्ष मला घेऊन गेले. आम्ही गाडीतून उतरलो तेव्हा अंगणात बायका नाचणी पाखडत होत्या. पुतळ्याचं नाव काढताच त्या सुपं उचलून एकेक करून घरात गेल्या. दारं लागली. भर दुपारी एवढी शांतता मी त्या भागात कधी ऐकली नव्हती. एक म्हातारी तेवढी ओट्यावर बसून राहिली.

"कोणाचा पुतळा?" तिने विचारलं.

मी सांगितलं. आमच्या घरातलेच होते, हेही सांगितलं.

तिने मला नीट पाहून घेतलं. "उडाला तो तुमचा नव्हता गं बाय. उडाला तो आमचा."

"म्हणजे?"

"माझ्या आज्याचा धाकटा भाऊ. अंगानं हलका, म्हणून तुमच्या माणसानं त्याला पंखांना बांधला. सोता मागं रस्सी धरून उभा राहिला. वारा आला नि रस्सी सुटली. आमच्या लोकांनी त्याला दरीतून झोळीत घालून आणला. लगीन ठरलेलं व्हतं त्याचं."

मी तिच्याजवळ ओट्यावर टेकले. म्हटलं, "आजी, हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"कोण आलं विचाराया?" ती उठली. "त्या पठारावर आमी ढोरं पण नेत नाय. तिथं खणू नका."

परतताना अध्यक्षांनी गाडीच्या काचा वर केल्या. मग म्हणाले, "म्हातारीचं वय झालंय." आणि घाट उतरल्यावर, समोर बघतच, "ताई, हे वाडीतच राहू दे."

घरी आल्याबरोबर मी पुण्याला चुलतभावाला फोन लावला. तो माझ्याहून पुष्कळ मोठा, आमच्या घराण्यातला आता सगळ्यांत वडीलधारा. म्हातारीचं बोलणं त्याला सांगायला नुकती सुरुवात केली होती, तोच त्याने विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

काय सांगितलं, असं त्याने विचारलं नाही.

"दादा, म्हणजे खरंय?"

"ते पुन्हा उडाले नाहीत म्हणतो ना आपण? एकदाही उडाले नव्हते."

"आणि हे घरात सगळ्यांना माहीत होतं?"

"पुरुषमंडळींना," तो म्हणाला. "आता मिटलेलं उकरू नकोस."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांच्या ऑफिसात गेले. म्हटलं, त्या मुलाचंही नाव लावा, नाहीतर पुतळा थांबवा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, माझ्यासाठी सरबत मागवलं. "पुतळा कुणाचा, याला एवढं महत्त्व नाही, ताई. वर जायचा रस्ता मंजूर झालाय तो पुतळ्यासाठी." त्यांच्या पाठीमागे भिंतीवर एक मोठा नकाशा होता. पठार त्यात प्लॉटच्या हिरव्या चौकोनांनी भरून गेलं होतं आणि वाडीच्या जागी काहीच नव्हतं.

मग एका संध्याकाळी दोन माणसं मिठाईचा खोका घेऊन आली. अध्यक्षांनी पाठवलंय म्हणाली. मी बसा म्हणायच्या आधी बसली. एकाने भिंतीवरची माझी चित्रं पाहिली, मागच्या दारापर्यंत जाऊन आला. "परसदाराला कडी नुसती? एकट्याच राहता ना तुम्ही?" दुसरा हसून म्हणाला, "काळजी वाटते म्हणून विचारतोय." गेल्यावर मी तो खोका न उघडता कचऱ्यात टाकला, मागच्या दाराला कपाट लावलं आणि उजाडेपर्यंत तिथेच जमिनीवर बसून राहिले.

वर्गणीदारांचे आभार मानायला देवळाच्या सभामंडपात कार्यक्रम होता. घरातली म्हणून मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी म्हातारीने सांगितलेलं आणि चुलतभावाने कबूल केलेलं सगळं सांगितलं. कुणी आरडाओरडा केला नाही. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. लोक मान खाली घालून ऐकत राहिले. मी ज्यांच्या घरी चहा प्याले होते त्या बायका पदराशी चाळा करत होत्या. शेवटी माझाच एक जुना विद्यार्थी, आता चांगला पोक्त गृहस्थ, हळूच म्हणाला, "बाई, पण मूर्ती ओतून झालीय आता." अध्यक्षांनी उठून माझ्या हातातला माईक घेतला, मला शाल पांघरली आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या.

पुतळा बसला. अनावरणाला मला बोलावणं नव्हतं. पुढे एकदा मी रिक्षा करून वर गेले. रस्ता गुळगुळीत, डोंगराची कड कापून तांबडी उघडी पडलेली. पुतळा पंख लावून दरीकडे तोंड करून उभा होता. चौथऱ्यावरच्या फलकावर एकच नाव होतं, आमच्या घराण्यातलं. पठारावर जागोजाग खांब रोवलेले, त्यांच्यामधून चुन्याच्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा आखलेल्या. त्यातली एक रेघ उतारावरून खाली जात होती. मी तिच्या कडेकडेने चालत गेले.

ती वाडीत शिरली होती. काही घरांना कुलपं दिसली. "कर्जतला गेले, कामाला," म्हातारीची सून म्हणाली. रेघ त्यांच्या अंगणाच्या मधोमध येऊन चुलीपाशी पोचली होती. म्हातारी खराटा घेऊन ती झाडत होती. मला ओळखून तिने नुसती मान हलवली. मी पदर खोचला आणि दुसऱ्या टोकाने झाडायला लागले.

"रोज झाडतो आमी," सून म्हणाली. "दुपारच्याला परत मारून जातात."

"कोण?"

तिने उताराकडे बोट केलं. वरून फक्कीची पाटी घेऊन दोघे जण खाली येत होते.