कौसल्यामावशीची डिलिव्हरी ड्यूटी

विमान सुटून पाचेक तास झाले असतील. कौसल्यामावशी शौचालयातून बाहेर आली आणि समोरच्या हवाईसुंदरीला म्हणाली, "फिनेल हाय का गं?" त्या पोरीला मराठी कळेना आणि मला तोंड कुठं लपवावं ते कळेना. मावशीनं नाकाला पदर लावला, पुसायची खूण केली आणि दाराकडं बोट दाखवलं. शेवटी कागदी रुमालांचा गठ्ठा हातात पडला, तो घेऊन ती परत आत गेली. दहा मिनिटांनी आली ती खुशीत. "आता जा कोण जायचं ते. एखादी बाळंतीण असती म्हंजे?"

"अगं, विमानात बाळंतीण कशाला येईल?"

"बाळंतीण कुठंपण असते," असं म्हणून तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत पुसले आणि जेवणाची वाट बघत बसली.

कोपरापर्यंत हात धुणं ही तिची जन्माची सवय. परळच्या एका मोठ्या इस्पितळात बाळंतपणाच्या वॉर्डात तिनं आयाबाई म्हणून तीस वर्षं काढली. भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत ती शेजारच्या खोलीत राहायची. रिटायर झाली तरी वॉर्ड तिच्या तोंडातून गेला नाही. कुणाच्या घरी बाळंतीण आली की मावशी सकाळी आंघोळ करून तिकडं निघायची आणि दाराला कडी घालताना सगळ्या मजल्याला सांगायची, "आजपासून माझी ड्यूटी चार नंबरात." बाळाला न्हाऊ घालणं, आईचं अंग चेपणं, शेक देणं, सगळं तीच करायची. कुणी आभार मानायला लागलं की ठरलेलं उत्तर यायचं, "ड्यूटी हाय, उपकार नाय." बारशाची साडी मात्र ती घ्यायची, आणि रंग पसंत नसला तर बदलूनही आणायला लावायची.

अशा बाईची एकुलती एक मुलगी कविता लग्न होऊन कॅनडात गेली. तिचं पहिलं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं. त्या वेळी मावशीचा व्हिसा झाला नव्हता. फोनवर मुलीचं रडणं ऐकण्यापलीकडं तिला काही करता आलं नाही. नंतर एकदा गॅलरीत मेथी निवडताना मावशी माझ्या आईला म्हणाली, "दुनियेची पोरं झेलली मी. माझी पोरगी तेवढी एकटी पडली." पुन्हा तो विषय तिनं काढला नाही, पण दुसऱ्या खेपेला कविताला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात तिनं व्हिसाचे कागद जमवायला घेतले. या वेळी व्हिसा मिळाला. निघायच्या दिवशी कविताचे दिवस भरायला आठच दिवस उरले होते. माझ्या ऑफिसनं मला त्याच शहरात तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला पाठवायचं ठरवलं होतं. मी जन्मात पहिल्यांदा विमानात बसणार होते, पण चाळीनं परस्पर ठरवून टाकलं की मावशीची काळजी नको, शिल्पा हाय बरोबर.

मावशीच्या मांडीवर सगळा वेळ एक कापडी पिशवी होती. ती तिनं सामानात द्यायला साफ नकार दिला. आमच्याकडं जन्मलेल्या बाळाला आधी नवं कापड घालत नाहीत, वापरून मऊ झालेलं घालतात. म्हणून चाळीतल्या घराघरातून जुनी सुती पातळं आली होती. मावशीनं ती उकळून, फाडून त्यांची दुपटी आणि लंगोट शिवले होते. पिशवीच्या तळाशी रुमालात बांधलेली बाळगुटीची मुळं होती.

उतरायच्या वेळी नवीनच भानगड झाली. दादरहून घेतलेले बूट मावशीनं बसल्याबसल्या काढून ठेवले होते. आता पाय सुजून असे फुगले की बूट चढेनात. मी ओढले, शेजारच्या सरदारजींनी ढकलले, काही उपयोग झाला नाही. मावशी विमानात मिळालेल्या मोज्यांवरच कॅनडात उतरली. एका हातात बूट, दुसऱ्या हातात पिशवी.

पासपोर्ट तपासायच्या रांगेत आम्हाला शेजारशेजारच्या खिडक्या मिळाल्या. माझ्या ऑफिसच्या पत्रावर तारीख चुकलेली निघाली. माझ्या खिडकीतला अधिकारी पत्र पुन्हा पुन्हा वाचत होता. तेवढ्यात शेजारून मावशीचा आवाज आला. इथं काय करणार, असं तिला विचारलं असावं. तिनं ताठ उभं राहून सांगितलं, "ड्यूटी! डिलिव्हरी ड्यूटी!" आणि बटव्यातून इस्पितळाचं जुनं ओळखपत्र काढून खिडकीत ठेवलं. त्या कार्डामुळं मुंबईतल्या एकाही वॉचमननं तिला अडवलं नव्हतं. इथं मात्र नातेवाइकांना भेटायच्या व्हिसावर आलेली बाई कामाला आलेय म्हणून पुरावा देत होती. अधिकाऱ्यानं तिला बाजूला व्हायला सांगितलं.

माझ्या खिडकीतल्या माणसानं तिच्याकडं बोट दाखवलं. "या तुमच्याबरोबर आहेत का?"

मी म्हणाले, "नो."

तिकिटं वेगळी काढलेली होती, हे खरं. पण मी 'नो' म्हणाले ते त्यासाठी नाही. मी घाबरले होते. तिच्यापायी मलाही परत धाडतील असं वाटलं, बस्स. माझ्या पासपोर्टावर शिक्का पडला. मावशी माझ्याकडंच बघत होती. तेवढं इंग्रजी तिला येत होतं.

सामानाच्या पट्ट्यावर माझी बॅग आली. पाठोपाठ मावशीची आली, ओळखू यावी म्हणून चाळीतल्या बायकांनी पिवळी चिंधी बांधलेली. ती उचलायला कुणी नव्हतं. एक फेरी झाली, दुसरी झाली. बाहेर कविता पोट सांभाळत उभी असणार. तिला मी काय सांगणार होते? मी तशीच मागं फिरले आणि पहिल्या भेटलेल्या पोलिसाला सांगितलं, आत माझी मावशी आहे, तिला इंग्रजी येत नाही.

आतल्या खोलीत टेबलावर सगळी दुपटी पसरलेली होती. मावशी खुर्चीवर बूट मांडीवर घेऊन बसली होती. समोर एक अधिकारीबाई होती.

"आलीस? बरं झालं," मावशी म्हणाली. "हिला सांग, हे विकायला नाय आणलं."

मी सांगत गेले. हे दुपटं कुणाच्या घरचं, ते कुणाच्या आजीचं, नवं का नाही. बाईनं विचारलं, या कामाचे यांना पैसे कोण देणार?

मावशी भडकली. "आईला पगार देतात काय? तुझं बाळंतपण झालं तवा तुझ्या आईनं किती घेतले, इचार तिला!"

मी घाबरत घाबरत जसंच्या तसं सांगितलं. बाईनं व्हिसाच्या कागदांवर कविताचा नंबर शोधला. तिनं कविताला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "आई, कुठं आहेस तू?" कविताचा आवाज रडवेला होता.

"मी हाय इथंच. तू उभी हायस का बसलीस? आधी बस. पाय लोंबकळत ठेवू नको."

आई काय म्हणाली, असं बाईनं मला विचारलं. मी सांगितलं. तिनं एक दुपटं उचलून त्याची घडी घातली, मग दुसरं. बाळगुटीची मुळं तेवढी, झाडपाला आणायला बंदी म्हणून, कचऱ्यात गेली. त्यावर मावशीनं हुज्जत घातली आणि मी ती मुद्दाम निम्मीच सांगितली.

आठवड्यानं कविताला मुलगी झाली, चांगली धडधाकट. इस्पितळात तिच्या खोलीत शिरताना तिथल्या नर्सनं आधी हात धुवायला लावले, तेव्हा कुठं मावशीला तो देश पसंत पडला.

त्या 'नो'बद्दल ती मला कधीच काही बोलली नाही. मुंबईला आल्यावर चाळीत ज्याला त्याला सांगायची, "शिल्पा मागं आली म्हणून. नायतर मला दारातूनच माघारी धाडत होते." प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता ही त्याच्या आधीचं सांगेल. मान खाली घालून मी ऐकत राहायचे.

गेल्या वर्षी मावशी गेली. दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. पुण्यानुमोदनाला, तिच्या श्रद्धांजलीच्या दिवशी, कॅनडाहून आलेली कविता पांढऱ्या साडीत फोटोजवळ बसली होती, शेजारी तिची मुलगी. चाळीतली माणसं पाठीमागं सतरंजीवर बसली होती. मला बघून कविता उठून बाहेर गॅलरीत आली. "आई शेवटपर्यंत तुझं नाव घ्यायची. तू नसतीस तर ती माझ्यापर्यंत पोचलीच नसती."

मला राहवलं नाही. "कविता, मी आधी तिला ओळख दाखवली नव्हती. बरोबर आहे का विचारलं, तर मी नाही म्हणाले. तिनं ऐकलं ते."

कवितानं गॅलरीचा कठडा धरला. आत बुद्धवंदना सुरू झाली. तिनं डोळे पुसले, माझा हात धरला आणि मला आत नेलं. मी मागं सतरंजीवर बसायला गेले तर तिनं हात सोडला नाही. मुलीला थोडं सरकायला सांगितलं आणि मला फोटोजवळ, घरच्यांच्या रांगेत बसवलं.