गच्चीवरचा शेंदूर

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. चांद्यात परकोटाच्या आत आम्ही भाड्यानं राहत होतो. एक खोली आणि वर चार हात गच्ची. घरमालकीण बाई खाली राहायच्या. न विचारता गच्चीवर दोरी बांधली, एवढ्यावरून त्यांनी आधीच्या भाडेकरूला घालवलं होतं. ही खोली गेली तर मी सासरी खेड्यात आणि हे इथे एकटे, असं ठरलेलंच होतं.

पण मी रंगांची हावरी. तुपाच्या डब्यांत लाल कर्दळ लावली, पिवळा झेंडू लावला. डबे गंजके दिसत, म्हणून जवसाच्या तेलात शेंदूर कालवून तेही रंगवले. वाटीत थोडा उरला. कोपऱ्यात बाईंचा टोक उडालेला वरवंटा पडला होता. त्यालाही फासला आणि कर्दळीच्या बुडाशी उभा केला. स्वतःवर भारी खूश झाले.

माझं माहेर गडचिरोलीकडचं. मोहाच्या झाडाखाली शेंदूर फासलेला दगड म्हणजे देव, हे मला चालता येण्याआधीपासून ठाऊक. आठवलं मात्र बाई वड्या वाळवायला जिना चढू लागल्या तेव्हा.

पुसावा, तर देवाचा शेंदूर पुसायचा कसा? हात पुढे जाईना. शेवटी पदर पसरून त्याच्यापुढे उभी राहिले.

"सरक," बाई म्हणाल्या.

सरकले.

"हा माह्या सासूचा वरवंटा नाई का?"

"हो, बाई. डबे रंगवले, त्यातला शेंदूर उरला होता."

"उरला म्हून देव केला?" त्यांचा आवाज एकदम खाली गेला. त्याही घाबरल्या होत्या. वड्यांचं सूप ठेवून त्यांनी डोक्यावर पदर घेतला. "सासू जित्ती होती तवा हाच उगारे माह्यावर. आता तू मले त्याच्या पाया पडाले लावलं."

"आम्ही खोली सोडायची का?"

"सोडून जातं कुठी वं? याची दिवाबत्ती कोन करन? माह्या गुडघ्याले रोज जिना झेपत नाई."

नऊ वर्षं राहिलो. रोज पहाटे आंघोळ करून भीतभीत फुलं वाहिली. उमललं की तोडायचं, झाडावर रंग म्हणून राहिलाच नाही. एकदा हे म्हणाले, "डब्यांना हिरवा रंग आणू का?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.