बोडमेट्टाच्या बैठकीत मंगरूकाका काय म्हणाले

दुपारी मला झोप येत नाही. पण चारला ग्रामसभा आहे, म्हणून मुद्दाम पडले आहे. डोकं नुसतं भणभणतंय. कंपनीला खाणीसाठी आमचा कोरमेट्टा डोंगर हवा आहे आणि आज साहेब लोक गावाची संमती विचारायला येणार आहेत. आमचं ठरलंय, कुणी तोंड उघडायचं नाही. आमच्या गावाची तशी रीतच आहे. नको असलेली गोष्ट कुणी मांडली की सगळे माना खाली घालून गप्प बसतात, आणि विचारणाऱ्याने काय ते समजून उठायचं असतं. ग्रामसभेची अध्यक्ष मी, तेव्हा सगळ्यांत घट्ट मलाच बसायचं आहे. कूस बदलते. उशी तापली आहे. परत कूस बदलते, तर खाटेच्या कडेला मंगरूकाका बसलेले.

माझ्या बापाचे धाकटे भाऊ. जाऊन तीन वर्षं झाली त्यांना.

"सरक थोडी," म्हणतात. जसं काही दुकानातून तंबाखू घेऊन आलेत.

"दुसरीकडे बसा," मी म्हणते. माणूस मातीत गेला तरी माझा राग काही गेलेला नाही, हे मी उघड सांगते.

पाय खाली टाकते तर खोलीतली जमीन नाही, उघडं माळरान आहे. तेंदूपत्त्याचे पुडे उन्हात वाळत पडलेत. काका विशीतले, अंगावर फक्त पंचा, ठेकेदाराची जीप अडवून हात आडवे करून उभे. मागे मजुरीसाठी संपावर गेलेली चाळीस गावांची माणसं. मी जीपचं दार उघडते, आत तुरुंगाची कोठडी. अकरा महिन्यांत काका तिथेच लिहायला शिकले. भिंतीवर कोळशाने अक्षरं गिरवताहेत आणि माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. कोठडीतून बाहेर पडते तर पायवाट, आणि काका वनहक्काच्या दाव्यांची पिशवी खांद्याला लावून पुढे चाललेले.

"थांबा की जरा!"

"थांबून कसं चालेल? निवडून आलोय ना आपण."

वाट गुळगुळीत होते. फरशी. लांबलचक टेबल, बिस्किटांच्या बशा, हाडं गारठवणारा एसी. ही खोली मी कधी पाहिलेली नाही, पण लगेच ओळखते. इथेच आमचा दुसरा डोंगर, बोडमेट्टा, खाणीला गेला. काका आमदार होऊन दोनच महिने झाले होते. ते बैठकीला हजर होते आणि कागदावर आलं, सर्वानुमते मंजूर. गावाने म्हटलं, मंगरू विकला गेला. मीही म्हटलं, त्यांच्या तोंडावर म्हटलं.

"कुणाची हरकत आहे?" टेबलाच्या टोकाचा साहेब विचारतो.

काका गुडघ्यांवर हात ठेवून, मान खाली घालून बसलेत.

"काका, बोला ना."

ते हलत नाहीत. साहेब कागदावर खरडतो, "कुणाचीही हरकत नाही."

"मी 'नाही' म्हणत होतो," काका हळूच सांगतात. "जोरात म्हणत होतो, पोरी. आपल्याकडे याहून जोरात म्हणता येतं का?"

मी त्यांची खुर्ची धरते. "मग परत येऊन सांगितलं का नाही?"

"आमदाराला एवढंही कळलं नाही, असं सांगू? विकला गेला म्हणाले, त्यात लाज कमी होती. मग पंधरा वर्षं बोलत सुटलो. नदीवर बोललो, झाडांवर, वाघावर. पेपरवाले पर्यावरणवादी आमदार म्हणायला लागले. मी आपला त्या दिवशीचा राहिलेला शब्द बोलत होतो."

आणि मी त्या भाषणांना पाप धुणं म्हणायचे. मला त्यांचे पाय धरायचे आहेत, पण ते खुर्चीत नाहीत. खुर्च्यांवर आमचं गाव बसलंय. गावाचे पुजारी कोलू गायता, वहिनी, सगळ्या बाया, सगळ्यांच्या माना खाली. त्यांच्यात मीही. साहेब पेनाचं टोपण काढतो. मी ओरडते.

डोळे उघडतात तेव्हा वहिनी मला गदागदा हलवत असते.

"अगं, काय झालं? नाही नाही म्हणून किती बोंबललीस. टोल्यातली सगळी घरं जमलीत बाहेर."

मी बोलायला जाते. आवाजच नाही. घसा सोलवटून निघालाय, थुंकी गिळवत नाही. घड्याळात चारला वीस कमी.

वहिनीचा कान ओढून तोंडाशी धरते आणि नुसत्या श्वासानेच सांगते. आपण गप्प बसलो तर ते 'हो' लिहितील. काकांच्या वेळी असंच झालं. वहिनी एकेक वाक्य अंगणात मोठ्याने सांगते. म्हातारे कोलू गायता काठी टेकून ऐकत राहतात.

"म्हणजे मंगरू 'नाही' म्हणाला होता?" ते विचारतात.

मी हो म्हणून मान हलवते. ते अंगणातच खाली बसतात.

"आपण काय काय बोललो त्याला," म्हणतात.

जीपचा आवाज येतो. मी घशाला हात लावते आणि रडूच येतं, अध्यक्षच मुकी झालेली. वहिनी पदर खोचते. सभेत तिने आजवर अवाक्षर काढलेलं नाही.

"तुझं 'नाही' मी सांगते," ती म्हणते. "मग माझं वेगळं सांगते."