किड्याचं जेवण ऐकणारे मामा

अख्ख्या कोल्हापुरात मोठ्यानं बोलणारी माणसं पैशाला पासरी मिळतील. पण किड्याचं जेवण ऐकणारे एकटे माझे मामाच, हे मी आजही छाती फुगवून सांगतो. मंगळवार पेठेत त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. नव्वदनंतर घरोघर टीव्ही आले, दुकान ओस पडलं, आणि मामांनी उरल्यासुरल्या भागांतून एक यंत्र केलं. लांब सळईच्या टोकाला माईक, त्याची वायर हेडफोनला. सळई धान्याच्या पोत्यात खुपसायची आणि ऐकायचं. अळी दाण्याच्या पोटात बसून खाते, वरून दाणा धडधाकट. पण मामांना तिची करकर ऐकू यायची. त्या वेळी घरात पंखा बंद, कुकर बंद, मामींच्या बांगड्यासुद्धा बंद. एकदा मला शिंक आली तर केवढ्यानं खेकसले, "गप की! जेवाय बसल्यात ती!"

हे घरापुरतं ठीक होतं. पण मामेबहिणीचं लग्न ठरत आलं, मुलगा तिला मनापासून आवडलेला, आणि आम्ही कुरुंदवाडला मुलाचं घर बघायला गेलो. रीतीप्रमाणे त्यांनी धान्याची खोली दाखवली. आम्ही सगळे नुसतं "वा वा" म्हणत होतो. मामांनी पिशवीतून सळई काढली! मामींनी कपाळाला हात लावला. शाळूच्या एका पोत्यात सळई खुपसून मामांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "कीड हाय."

मुलाचे आजोबा तडकले. "पावणं, घर बघाय आलाय का खोड काढाय?" सोयरीक मोडलीच असं धरून मी चपला शोधायला लागलो. मामांनी हेडफोन मुलाच्या आईच्या कानाला लावला. बाई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग सासऱ्यांना म्हणाल्या, "आबा, बियाणं हाय ह्यात. पेरलं असतं तर रान मोकळं ऱ्हायलं असतं. ह्येंचीच पोरगी पायजे मला."

लग्नात मामांनी रुखवतात लाडवांशेजारी तसलंच दुसरं यंत्र मांडलं.

मामांना आता ऐकू येत नाही, पण ते कबूल करत नाहीत. दरवर्षी पेरणीआधी सळई घेऊन लेकीकडं जातात, डोळे मिटून पोतं न् पोतं ऐकतात आणि ऐटीत जाहीर करतात, "स्वच्छ हाय!" मागच्या खेपेला बहीण मला परसात घेऊन गेली. "आप्पा यायच्या आधी मी समदी पोती ऐकून ठेवतो," ती हळूच म्हणाली. "किडकं असंल त्ये गोठ्यात हलवतो." मामांचा निकाल आजवर एकदाही चुकलेला नाही.